थायलंडची बंदी आणि ब्रह्मदेशाचा साग



थायलंडने १९८९ साली जंगलतोड थांबवून शेजाऱ्यांना धडा घालून दिला, असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. बंदी खरी. नोव्हेंबर १९८८ च्या पुरात नाखोन सी थम्मरातकडे डोंगरावरून चिखलाबरोबर ओंडके गावांवर कोसळले, तेव्हा सरकारला हलावेच लागले. पण बंदी येण्याआधीच, डिसेंबरात, लष्करप्रमुख चवलित रंगूनला जाऊन आले होते. पाठोपाठ थाई कंपन्यांना सीमेलगतच्या ब्रह्मी सागाचे मक्ते मिळाले. परकी चलनासाठी अडलेल्या ब्रह्मी लष्करी राजवटीने ते खुशाल दिले आणि १९९३ मध्ये थांबवले. तोवर बरेच डोंगर उघडे पडले होते.

त्याआधी शतकभर प्रवाह उलटा होता. सयामचा, म्हणजे थायलंडचा, साग साल्वीन नदीतून ब्रिटिश मौलमीनला जाई. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून बुंध्याभोवती साल कापून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवत, मग हत्ती ओढत. मक्तेदार थाई कंपन्यांच्या ट्रकवाल्यांना एवढी सबुरी कुठली!

अर्थात जुन्या कंपन्याही काही साव नव्हत्या. मुंबईत १८६३ साली निघालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीवर ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी तेवढे निमित्त करून राज्यच घेतले आणि थिबा राजाला आमच्या गावी आणून ठेवले.

पत्रलेखकांनी बंदीचे कौतुक जरूर करावे. मात्र त्यानंतर थायलंडच्या वखारींत लाकूड कुठून येत होते, तेही लिहावे.

– एक वाचक, रत्नागिरी