नेता बदलला, मग आधीच्या शब्दाचं काय?



परवा पोळा झाला. दोन्ही बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली आणि मारुतीला फिरवून आणले. सोयाबीन शेंगेला लागलंय. आळीची एक फवारणी झाली, दुसरी उघडीप बघून करायची आहे. शेतातलं आज एवढंच. आज जरा वेगळं लिहितो, कारण गावात जिल्हा परिषदेची हवा सुरू झालीय आणि रोज कुणी ना कुणी विचारतंय, "तुम्ही आता कुणाकडं?"

पोळ्याच्या दिवशी आमचे चुलते बैलांना निवद दाखवताना म्हणाले, "माझं पयलं मत ह्यांनाच हुतं." वय ८५. मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, १९६२ ची गोष्ट. तेव्हा काँग्रेसचं चिन्ह बैलजोडी होतं. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गेली, १९७१ ला इंदिराबाई गायवासरू घेऊन आल्या. पुढं १९७८ ला परत फूट, मग पंजा. मी विचारलं, "दादा, तुमचा घोळ नाही झाला का?" तर म्हणाले, "घोळ कशाचा? बाई तीच हुती. ती जे दावंल त्याच्यावर शिक्का."

आमच्या वेळेला सगळं उलटं झालं. चिन्ह जागेवर राहिलं आणि माणूस बदलला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, ३० जूनला शिंदेसाहेब मुख्यमंत्री झाले. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला. २ जुलै २०२३ ला अजितदादा सरकारात गेले, ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ त्यांचं झालं. दादांच्या काळात लोक चिन्ह सोडून नेत्यामागं गेले, आम्हाला मात्र चिन्हाकडं बघून विचारावं लागलं, बाबा तू नक्की कुणाचा?

ह्याचा फटका कुणाला बसला? पुढाऱ्यांना तर नाही, ते मुंबईत आहेत. माझा एक दोस्त आहे, वीस वर्षं त्यानं गावात शिवसेनेचं काम केलं. पीकविम्याचे कागद, म्हातारीची निराधारची फाईल, तुळजापूरला तहसीलला चकरा, सगळं त्याच्याकडं. सेना कुठली म्हणून कुणी विचारत नव्हतं. फूट झाली आणि त्याला एक बाजू घ्यावी लागली. कुठली ते लिहीत नाही, गावाला माहीत आहे. त्या दिवसापासून अर्धं गाव त्याच्याकडं कागद घेऊन जाईना. त्यांची कामं दुसरा कुणी करतो असंही नाही, कागद घरीच पडून राहतात. नेता बदलला की मतदाराचं काय होतं ह्यावर टीव्हीवर मोठी चर्चा होते, पण ह्या अर्ध्या गावाचे कागद कुणाला दिसत नाहीत.

आता मतांचं बघू. आपल्या धाराशिवात २०२४ च्या लोकसभेला मोठी गंमत झाली. मशिनवर धनुष्यबाण नव्हताच. महायुतीनं ही जागा अजितदादांच्या राष्ट्रवादीला दिली आणि घड्याळावर उभ्या राहिल्या अर्चनाताई पाटील, म्हणजे तुळजापूरचे भाजपचे आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या घरातून. समोर ओमराजे निंबाळकर, २०१९ ला धनुष्यबाणावर आलेले, आता मशालीवर. २०१९ ला ह्याच राणादादांनी घड्याळावर ओमराजेंच्या विरोधात लोकसभा लढवली होती, त्याच वर्षी मग ते कमळाकडं गेले. पाच वर्षांनी घड्याळ परत त्याच घरात आलं, पण त्या घड्याळाला चावी देणारे पवारसाहेब दुसऱ्या बाजूला, तुतारी घेऊन. माझी आई ७ मेला मतदान करून आली आणि म्हणाली, "बाण न्हाईच की रं मशिनवर." मग तू कशावर दिलंस म्हणून विचारलं, तर सांगितलं नाही. तिनं कधीच सांगितलेलं नाही.

निकाल तुम्हाला माहीत आहे. ओमराजे ३ लाख २९ हजारांच्या पुढं मतांनी आले. तुळजापुरातूनही मशालच पुढं होती.

तेव्हा चावडीवर सगळे म्हणाले, गद्दारीला लोकांनी उत्तर दिलं. थोडं खरं आहे. त्या फुटीच्या वेळी सुरतेकडं निघालेल्या गाडीतून आपले धाराशिवचे आमदार कैलास पाटील वाटेत उतरले, पावसात चालत, मग मोटारसायकल आणि ट्रकनं मुंबईला परत आले, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ होतं. असली गोष्ट लोकांच्या मनात बसते. पण सगळं तेवढंच नव्हतं. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि उठवली ४ मेला, मतदानाच्या तीन दिवस आधी. आमचा माल सोलापूरच्या मार्केटला जातो. तिथं पट्टी हातात घेऊन जो माणूस गाडीभाडं खिशातून देऊन आला, त्याला पक्षाचा अध्यक्ष कोण आहे ह्याच्याशी काय घेणंदेणं? वर सोयाबीनचा भाव, मराठा आरक्षणाचा विषय. सगळं एकत्र झालं. आणि ओमराजे फोन उचलतात, ही गोष्ट विरोधकसुद्धा मान्य करतात.

मग सहा महिन्यांनी विधानसभा आली. २० नोव्हेंबर २०२४. त्याच तुळजापुरात राणादादा कमळावर निवडून आले, तेही चांगल्या फरकानं. आता गद्दारीचं उत्तर कुठं गेलं? लोक म्हणतात लाडकी बहीण. असेल. दर महिन्याला दीड हजार खात्यावर येताना दिसत होते. पण मला अजून एक दिसतं. तुळजापुरात खरी लढत कमळ आणि पंजाची होती. फुटलेल्या दोन पक्षांपैकी कुणीच त्या मुख्य लढतीत नव्हतं, म्हणजे खरा कोण खोटा कोण हा सवाल मशिनवर आलाच नाही. जिथं आला तिथं काय झालं ते जिल्ह्यातच बघा. परंड्यात शिंदेसाहेबांचे तानाजी सावंत १,५०९ मतांनी वाचले, समोर तुतारीचे राहुल मोटे होते. उमरग्यात शिंदेसाहेबांचेच ज्ञानराज चौगुले चार हजारांच्या आत पडले, मशालीचे प्रवीण स्वामी आले. धाराशिवात कैलास पाटील परत आले. एकच जिल्हा, एकच दिवस, एकच फूट, आणि निकाल तीन तऱ्हेचे. म्हणून नेता बदलला की मतं इकडं जातात किंवा तिकडं जातात असं जे कुणी छातीठोक सांगतं, त्याच्यावर माझा विश्वास नाही. माणूस सोडताना लोक हळहळतात, पण मत देताना जवळचा कोण आणि कामाचा कोण, हेच बघतात. लोकसभेला राग काढायला जागा असते. विधानसभेला रस्ता, पाणी, लाईट मध्ये येते.

चिन्हाचा घोळ मात्र खरा होतो, तो जुन्या माणसांचा. साताऱ्यात लोकसभेला शशिकांत शिंदे तुतारी वाजवणारा माणूस घेऊन उभे होते, ३२,७७१ मतांनी पडले. तिथं नुसत्या तुतारीचं चिन्ह असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला ३७,०६२ मतं पडली. त्यातली किती चुकून पडली कुणी मोजलं नाही, पण आमच्या चुलत्यांसारखी माणसं तिथंही असणारच.

पण माझा मुख्य मुद्दा चिन्हाचा नाही, हिशोबाचा आहे. उधारीची वही असते बघा दुकानदाराकडं. दुकानाचा मालक बदलला तरी वही बदलत नाही. राजकारणात मालक बदलला की वहीच फाटते.

नियमित कर्ज भरणाऱ्यांच्या ५० हजाराचं घ्या. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात अजितदादांनी ते जाहीर केलं, सरकार उद्धवसाहेबांचं. मग कोरोना आला, पैसे आले नाहीत. जून २०२२ ला सरकार गेलं. जुलैमध्ये शिंदेसाहेबांच्या सरकारनं निर्णय काढला आणि दिवाळीच्या आसपास पैसे पडायला लागले. माझ्याही खात्यावर आले, खोटं कशाला बोलू. त्या वेळी अजितदादा विरोधी पक्षनेते होते, आणि वर्षभरानं परत त्याच तिजोरीवर येऊन बसले. आता हे पैसे मी कुणाच्या नावावर जमा धरू? आमच्या पारावर ह्यावरून दोन गटांची हाणामारी व्हायची बाकी राहिली होती. दोघंही खरं बोलत होते.

जिल्ह्याच्या नावाचंही तेच. २९ जून २०२२ ला उद्धवसाहेबांनी राजीनाम्याच्या दिवशी धाराशिव नाव मंजूर केलं, १६ जुलैला नव्या सरकारनं परत मंजूर केलं. आता दोघांचेही कार्यकर्ते म्हणतात, आम्हीच दिलं.

हे झालं मिळालेल्या गोष्टीचं. श्रेय घ्यायला दोन मालक. न मिळालेल्या गोष्टीला एकही मालक नसतो, ते जास्त वाईट. ५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या सभेत शिंदेसाहेबांनी महायुतीची दहा वचनं वाचली, त्यात कर्जमाफी होती. तेव्हा मुख्यमंत्री ते होते, लोक त्यांच्या तोंडाकडं बघून ऐकत होते. निवडणूक झाली, ५ डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्रजी झाले. २८ मार्च २०२५ ला बारामतीत अजितदादा म्हणाले, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. मग आम्ही विचारायचं कुणाला? ज्यांनी वाचलं ते म्हणणार मी आता उपमुख्यमंत्री, ज्यांच्याकडं तेव्हा तिजोरी होती ते म्हणणार माझ्या भाषणात ते नव्हतं. आमच्या गावात निम्म्या लोकांनी कर्जमाफी होणार म्हणून कर्ज नवंजुनं केलंच नाही, मग थकबाकीत गेले आणि २०२५ ला बँक नवीन कर्ज देईना. खरिपाला त्यांनी सावकाराकडून उचल केली. सोयाबीनचा हमीभाव २०२५ च्या खरिपाला ५,३२८ होता, प्रचारात ६,००० ऐकला होता. बाजारात काय मिळतो ते काढणीला बघू.

कुणी म्हणेल, मग काय नेता बदलूच नये का? बदलावा की. म्हातारा झाला, चुकला, ऐकत नाही, तर बदलायलाच पाहिजे. आम्हीही घरात कारभार पोराच्या हातात देतो. पण देताना बापाचं देणं पोरगं मान्य करतं, तेव्हाच सोसायटी त्याला दारात उभं करते.

आता जिल्हा परिषद. मार्च २०२२ पासून तिथं प्रशासक होता, म्हणजे २०२५ पर्यंत साडेतीन वर्षं आपला सदस्यच नव्हता. मग इच्छुक फिरायला लागले, बहुतेक जुनेच, गळ्यातली उपरणी तेवढी नवीन. मागच्या आठवड्यात त्यातले एक आमच्या वस्तीवर आले होते. मागच्या वेळी त्यांनीच पाणंद रस्त्याचा शब्द दिला होता. चहा दिला आणि रस्त्याचं विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "तो शब्द मी त्या पक्षात असताना दिला होता."

मी काही बोललो नाही. बायको बोलली. म्हणाली, "दादा, चिखल मात्र तवाचाच हाय, जाताना गाडी सांभाळून काढा."

तुमच्याकडं काय चाललंय ते खाली लिहा. ५० हजार मिळालेल्यांनी ते कुणाच्या नावावर धरले तेही लिहा, फक्त शिवीगाळ नको. फवारणीचं औषध कुठलं घेतलं ते उद्या टाकतो.