बॅकग्राउंडने मागेच राहावं

मंडळी, आज जरा जुना विषय. पानाच्या मागे एकच छोटं चित्र फरशीसारखं पुन्हा पुन्हा लावायचं, म्हणजे टाइल. १९९५ साली नेटस्केप १.१ ने ही सोय दिली आणि लोकांनी संगमरवर, ढग, चांदण्या... काही म्हणता काही सोडलं नाही! वर पिवळी अक्षरं. शेवटी टाइलच बदनाम झाली. माझं मत विचाराल तर दोष टाइलचा नव्हता, तिला पुढे पुढे करू देणाऱ्यांचा होता.

टाइल बनवणं सोपं आहे. फोटोशॉपच्या फिल्टर मेनूत 'ऑफसेट' आहे. चित्र १०० बाय १०० चं असेल तर आडवं-उभं ५० पिक्सेल सरकवा आणि 'रॅप अराउंड' निवडा. कडा मधोमध येतात, सांधा दिसतो, तो ब्रशने बुजवा. झालं!

खरी गोम पुढेच आहे. सांधा गेला तरी एखादा ठिपका जास्त गडद राहिला, की तो दर १०० पिक्सेलला डोकं वर काढतो. मग डोळे मजकूर सोडून ठिपक्यांच्या रांगा मोजत बसतात. म्हणून टाइल एकटी बघू नका. पानभर पसरा, वर दोन परिच्छेद टाका आणि वाचा. वाचताना नजर मागे गेली तर टाइल फसली. अक्षरं काळी असतील तर टाइलमधला सगळ्यात गडद रंग घेऊन कॉन्ट्रास्ट मोजा. डब्ल्यूसीएजीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो.

आणि हो, बाइट वाचवायला १ बाय १ ची टाइल करू नका. १००० बाय १००० च्या जागेत ती १० लाख वेळा बसते. २० बाय २० ची फक्त अडीच हजार वेळा.

कोणी म्हणेल, अरे तो जमाना गेला. काही अंशी खरंय. २००४ मध्ये डॅन सीडरहोमने 'फो कॉलम्स'ची युक्ती लिहिली होती: एक बारीक पट्टी उभी रिपीट करायची, की कॉलम समान उंचीचे भासतात. आज फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड असताना तिची गरज नाही. साध्या रेघाही सीएसएसच्या ग्रेडियंटने निघतात.

पण टाइलच्या जागी आलं काय? पानभर फोटो! १९२० बाय १०८० चा फोटो, फाइल कितीही लहान केली तरी, उघडल्यावर पिक्सेलला ४ बाइट या हिशोबाने मेमरीत सुमारे ८३ लाख बाइट घेतो. २० बाय २० ची टाइल घेते १६००. भुर्दंड कोणाला? वाचणाऱ्याच्या फोनला. वर मजकूर आकाशावर आला तर दिसतो, झाडावर आला की गायब. म्हणजे संगमरवराचाच आजार, फक्त महाग.

मजकुराची चौकट आणि बाजूची मोकळी जागा वेगळी कळावी, एवढ्यासाठी हलका पोत पुरतो. तेव्हा पुढचं पान करताना आधी साधा रंग लावा, मग टाइल, आणि फोटोला हात अगदीच गरज असेल तर. लोक वाचायला येतात हो, भिंत बघायला नाही :)