जपान आला असता तर...

भीमा नदी शिरूर तालुक्यातील कोरेगावला वळसा घालून पुढे आमच्या दौंडला येते. दरवर्षी १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देऊन परतणाऱ्या दौंडच्या तरुणांना हमखास एक प्रश्न ऐकवला जातो. ‘१९४२ साली जपान दारात आला होता. तो आत आला असता तर देश तेव्हाच स्वतंत्र झाला असता. मग तुमचे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात कसे?’ प्रश्न विचारणारा हसतो आणि आपले तरुण गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे!

जपान खरोखर जवळ आला होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. मद्रास शहर निम्मे रिकामे झाले. त्यानंतर जपानचे आरमार पॅसिफिक महासागराकडे वळले आणि जूनमध्ये मिडवे येथे चार विमानवाहू जहाजे गमावून बसले. ते हिंदी महासागरातच ठाण मांडून राहिले असते तर ब्रिटिशांची रसद तुटली असती, असे मानणारे अभ्यासक आहेत. मानू या क्षणभर. पण त्यामुळे इथला माणूस मुक्त झाला असता काय?

जपान जिथे जिथे पोहोचला तिथे काय झाले ते पाहा. कोरिया १९१० पासून त्याच्या टाचेखाली होता. १९३७ साली नानकिंगमध्ये त्याने माणसे कापून काढली. ब्रह्मदेशाला १९४३ मध्ये ‘स्वातंत्र्य’ दिले. पण ते इतके पोकळ निघाले की जपानच्या मदतीने उभ्या राहिलेल्या आंग सान यांच्या सैन्यानेच मार्च १९४५ मध्ये जपानवर बंदूक रोखली. आपल्या अंदमानात नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी तिरंगा फडकवला. बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, जपान्यांनी तिथल्या ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. नेताजींच्या देशप्रेमाविषयी शंका नाही. पण ज्याच्या खांद्यावर बसून यायचे, तो खांदा कसाईचा होता!

दौंड हे रेल्वेचे गाव. रूळ टाकणाऱ्याच्या पाठीचे दुखणे इथे कुणाला सांगावे लागत नाही. जपानने १९४२-४३ मध्ये सयाम ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. त्यावर युद्धकैद्यांबरोबर मलायातील रबराच्या मळ्यांतले तमिळ मजूर जुंपले. पटकी, हिवताप आणि उपासमारीने ते हजारोंनी मेले. त्यांची नावेसुद्धा धड कुणी लिहून ठेवली नाहीत. साम्राज्य गोरे असो की पिवळे, त्याचा दगड कष्टकऱ्याच्याच डोक्यावर असतो.

आणखी एक गोष्ट. जपानमध्येही अस्पृश्य होते, त्यांना बुराकू म्हणतात. १८७१ साली कायद्याने त्यांना समान ठरवले, पण समाजाने शिवाशिव सोडली नाही. तेव्हा १९२२ मध्ये क्योटो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’, म्हणजे समतेची संघटना उभारली; आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. ही संघटना युद्धाच्या दडपणाखाली १९४२ मध्ये संपुष्टात आली. ज्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या अस्पृश्यांचा आवाज बंद पाडला, ते इथल्या अस्पृश्यांना माणूसपण देणार होते?

ब्रिटिश धुतल्या तांदळासारखे नव्हते. जपानच्या धास्तीने त्यांनी बंगालमध्ये होड्या आणि धान्य काढून नेले. १९४३ च्या दुष्काळात तिथे सुमारे तीस लाख माणसे मेली. आम्ही हे विसरत नाही. याच ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्यभरती बंद केली होती, हेही विसरत नाही. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि तिचे जवान ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. ते इंग्रजांच्या प्रेमापोटी गेले नाहीत. हिरावलेला हक्क परत मिळवायला गेले. इंग्रज १९४७ ला गेले, रेजिमेंट आजही देशाच्या सीमेवर उभी आहे.

बाबासाहेबांचा हिशेब हाच होता. एक मालक हाकलून दुसरा आणणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. म्हणून जुलै १९४२ मध्ये मजूर खाते हाती घेऊन त्यांनी कामगारांसाठी कायदे केले. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. जपानी संगिनीखाली हे झाले असते काय? संविधान सभा बसली असती काय?

तेव्हा पुढच्या १ जानेवारीला कुणी ‘जपान आला असता तर’ असे विचारले, तर मान खाली घालू नका. त्यालाच विचारा, आला असता तर कुणासाठी?