धक्क्यावरचे गाणे आणि कुंपणाआडचे बंदर

दर वर्षी जानेवारीच्या १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यातील जासई व नवघर येथे १९८४ च्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांना अभिवादन करण्यात येते. भूसंपादनाच्या विरोधात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या त्या लढ्याचा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. प्रकल्पग्रस्ताला विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मिळाला पाहिजे हे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले, ते या रक्ताच्या किमतीवर. आज आम्हाला या अभिवादनाच्या निमित्ताने एक निराळाच प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. काही साथींना तो दुय्यम वाटेल, पण आमच्या मते तो संघटनेचाच प्रश्न आहे. या किनाऱ्याचे बंडखोर गाणे कोठे गेले?

गाणे मुळीच राहिले नाही असे आम्ही म्हणत नाही. कोळीगीत आज लग्नाच्या वरातीत वाजते, पर्यटकांच्या मुक्कामी वाजते, निवडणुकीच्या मिरवणुकीतही वाजते. परंतु अन्यायाचे नाव घेणारे, मालकाला आणि सरकारला सवाल करणारे गाणे क्षीण झाले आहे, ही गोष्ट कोणीही प्रामाणिक कार्यकर्ता मान्य करील. त्याचे खापर नव्या पिढीच्या अभिरुचीवर फोडणे सोपे आहे. आम्हाला त्याचे कारण बंदराच्या बदललेल्या रचनेत दिसते.

पूर्वीचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड हा जिल्हा म्हणजे एका अर्थी लहान लहान बंदरांची माळच होती. मोरा, करंजा, रेवस, धरमतर, रेवदंडा, आणि दक्षिणेस सावित्रीच्या काठी दासगाव व महाड. येथून भात गेले, मीठ गेले, मासळी गेली आणि या सर्वांबरोबर माणूस गेला. मुंबईची गोदी, गिरणी आणि पांढरपेशांची घरे या माणसांच्या श्रमावर उभी राहिली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्वातंत्र्याला अवघा महिना उरला असता घडलेली ही दुर्घटना या दोन किनाऱ्यांचे नाते किती जिवंत होते याची साक्ष देते. ज्या होड्यांतून पोती गेली त्याच होड्यांतून विचार परत आले, आणि गाणेही त्याच मार्गाने आले.

महाडचेच उदाहरण घ्या. महाडला आपण चवदार तळ्याचे गाव म्हणून ओळखतो, ते बंदर होते हे सहसा आठवत नाही. या तालुक्यातील महार समाजातून ब्रिटिश सैन्यात मोठी भरती झाली होती. निवृत्त होऊन आलेल्या सैनिकांनी अक्षरओळख आणि स्वाभिमान दोन्ही गावी आणले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच एक. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राचा आधार विचारणारे त्यांचे 'विटाळ-विध्वंसन' १८८८ सालचे आहे. पुढच्या पिढीत याच परिसरातून रा. बा. मोरे आले. महाडच्या परिषदेची जुळवाजुळव करणाऱ्यांत ते अग्रभागी होते आणि पुढे त्यांनी कम्युनिस्ट चळवळीत आयुष्य घातले. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव तीन वर्षे आधीच झाला होता. ठराव आणि ओंजळ यांमधले हे अंतर ओलांडण्यासाठी २० मार्च रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जावयाचे ठरले तेव्हाचा एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. मुंबईहून जवळचा मार्ग धरमतरचा. परंतु त्या मार्गाने मोटारवाल्यांनी आयत्या वेळी नकार दिला तर सगळेच अडकून पडावयाचे. म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावच्या धक्क्यावर उतरले. तेथून महाड पाच मैल, कोणाच्या मोटारीची गरज नाही. धक्क्यावर हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तेथून जयघोष करीत निघालेली ती पदयात्रा मंडपात पोचली. मंडपासाठी हिंदूंकडून जागा मिळाली नाही, ती दिली फत्तेखान यांनी. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सडकेवर जातीची सत्ता चालत होती, पाण्यावर ती पुरती चालू शकली नाही. पुढे आंबेडकरी जलशांनी हा प्रसंग गावोगाव नेला. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या गण-गवळणीचा साचा घेऊन त्यात भटशाहीवरचा सवालजवाब भरला होता, तो वारसा या जलशांनी पुढे चालविला. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत 'बहिष्कृत भारत'चा आशय पोचला तो ढोलकीच्या साथीने.

मुंबईच्या बाजूलाही हेच घडत होते. कोकणातून घरकामाला आलेल्या गड्याला, त्याच्या कानातील बाळीवरून म्हणा वा अन्य कारणाने म्हणा, शहराने 'बाल्या' हे तुच्छतादर्शक नाव दिले. त्या गड्यांनी गणपतीत आपला नाच चाळींच्या अंगणात मांडला आणि तोच बाल्या नाच म्हणून ओळखला जाऊ लागला. शिवीचे नाव कलेने आपलेसे केले. त्यातील शक्ती-तुऱ्याचा सवालजवाब म्हणजे अशिक्षितांची वादसभाच होय. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या बळावर महाराष्ट्र पिंजून काढला आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट घडविले. या दोन पथकांचे राजकीय मतभेद तीव्र होते, पण दोघांचाही श्रोता एकच होता: दिवसभर पोती वाहून संध्याकाळी चाळीत परतणारा माणूस. प्लॅसिड डिमेलो यांनी गोदी कामगारांची संघटना बांधली ती याच माणसांमधून.

भिंतीचीही कथा अशीच आहे. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनाच्या सकाळी कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक केंद्राच्या भिंतींवर 'जय हिंद' आणि 'भारत छोडो' ही अक्षरे रंगविलेली आढळली. अवघ्या अडीच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, तेथूनच खलाशांचा उठाव सुरू झाला. त्याला पाठिंबा देण्यासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. गेरू आणि चुना हे गरिबाचे छापखाने होते. छापखान्याला परवाना लागतो, रात्रीच्या भिंतीला लागत नाही. १९९५ साली मात्र मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात झाला आणि भिंतीवरची घोषणा हे विद्रूपीकरण ठरले. पुढे २०१७ साली १८७५ च्या ससून गोदीत भिंतींवर व वखारींत मोठा कलाप्रकल्प भरविण्यात आला, कोळ्यांची भव्य चित्रेही लागली. त्या कलावंतांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही आणि काही कामे उत्तमच होती. पण कोळणीचा चेहरा भिंतीवर चढतो तेव्हा ती कला आणि तिची मागणी भिंतीवर लिहिली जाते तेव्हा तो गुन्हा, हा भेद कोणी ठरविला, एवढे विचारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

आता न्हावा-शेव्याकडे वळू. २६ मे १९८९ रोजी या बंदराचे उद्घाटन झाले. देशातील प्रमुख बंदरांमधील कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा वाटा आज येथून जातो. १९९९ साली येथे देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले आणि २०२२ पर्यंत बंदर प्राधिकरण केवळ जमीनमालक उरले, धक्के सर्व खाजगी चालकांकडे गेले. यंत्र कंटेनर उचलते, रेल्वे वा ट्रेलर तो नेतो. पोते फुटत नाही, दाणा सांडत नाही, म्हणून तो वेचणारी म्हातारीही तेथे नाही. जुन्या धक्क्यावर भरतीची वाट पाहत माणसे तासन्‌तास बसत. त्या रिकाम्या तासांत गाणे जन्मले, संघटनाही तेथेच जन्मली. नव्या बंदरात थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. भोवती कुंपण आहे, दारावर सशस्त्र पहारा आहे. ज्या शेवा कोळीवाड्याची जागा बंदराने घेतली त्यातील विस्थापितांचा पुनर्वसनाचा झगडा चार दशके चालला, तोही कुंपणाबाहेरूनच.

परंतु थांबणारी माणसे संपलेली नाहीत, ती फक्त हलली आहेत. उरण-पनवेल रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा पाहा. चाकाशी स्टोव्ह पेटवून भात शिजविणारा चालक बिहारचा वा उत्तर प्रदेशचा आहे. गोदामांत माल चढवणारा मजूर कंत्राटी आहे, आज आहे उद्या नाही. आजचा धक्का तो आहे. त्या धक्क्यावर आपण जातो काय? येथे आम्हाला आपल्याच माणसांना थोडे कठोर बोलणे भाग आहे. गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यावरचे जे गाणे चळवळीत ऐकू येते ते जवळजवळ केवळ भूमिपुत्राचे आहे. जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जी मानवी साखळी झाली, तिच्यातील उत्साह खरा होता आणि मागणीही न्याय्य होती. पण दि. बां.चा लढा नावासाठी नव्हता. जमिनीला जो न्याय मागितला तोच न्याय श्रमालाही मागावा लागेल, आणि आज श्रम करणारा सात-बाराच्या उताऱ्यावर नाही. तो परप्रांतीय आहे, किंवा वीटभट्टीवर राबणारा येथलाच कातकरी आहे. कातकऱ्याला तर 'भूमिपुत्र' म्हणतानाही आपली जीभ अडखळते, वास्तविक त्याच्याइतका जुना या भूमीत कोणी नसावा.

या किनाऱ्याची परंपरा संकुचित नाही. आगरी समाजात लग्न लावताना धवलारीण धवले गाते. पोथी हातात नसलेली एक श्रमिक स्त्री तेथे संस्काराचा अधिकार चालविते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या आक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणारे, किंवा १९३३ पासून सहा वर्षे शेत पेरणार नाही म्हणून चरीत ठाम राहिलेले नारायण नागू पाटलांचे शेतकरी, यांनी कोणाला परका म्हणून हाकलल्याचे आम्ही ऐकले नाही. त्यांचा शत्रू खोत होता, सरकार होते. चरीच्या संपाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दासगावचा धक्का आणि चरीचा बांध यांना जोडणारा धागा तो हा.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. उरण व पनवेल तालुक्यांतील साथींनी ट्रेलर थांबतात तेथे महिन्यातून एक संध्याकाळ तरी ढोलकी घेऊन बसावे आणि भाषण न करता आधी ऐकावे. कातकरीवाडीतील मुलांना रंग व भिंत द्यावी, भिंत कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घराची असावी. आणि येत्या जानेवारीत जासईच्या व्यासपीठावर एखादा कंत्राटी कामगार भोजपुरीत गाऊ लागला तर त्याचा ध्वनिक्षेपक कोणी बंद करणार नाही, एवढी तयारी सभेच्या आयोजकांनी आताच करून ठेवावी.