घरचा व्यवहार : दाव्याच्या आशेवर घेतलेली उचल

१८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास येऊन पोहोचली, आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून या टापूतील गृहस्थांचा चरितार्थ रुळांशी जखडलेला आहे. सकाळी डबा घेऊन निघालेला कर्ता पुरुष दारापाशी लोंबकळत जातो आणि एखादे दिवशी परत येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्यापाशी गाड्यांतून पडून माणसे दगावली, ती बातमी वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा घरावर शोकामागोमाग जो दुसरा प्रसंग येतो, त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची वृद्ध आई मध्यंतरी डोंबिवलीहून आमच्या घरी आली. मुलगा लोकलमधून पडून गेला होता. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज पडून होता. पदरातून एक कागद काढून त्या म्हणाल्या, "मास्तर, एक गृहस्थ आजच्या आज लाख रुपये देतो म्हणतात. थोरला म्हणतो घ्यावेत, घर चालले पाहिजे. धाकटी सून सही करीत नाही. तुम्ही वाचून सांगा."

कागद वाचला. दावा जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेचा निम्मा भाग त्या गृहस्थाचा. हरल्यास लाख रुपये व्याजासह परत. म्हणजे जय झाला तर वाटा आणि पराजय झाला तर कर्ज! धोका सारा बाईंचा, लाभ मात्र दोघांचा.

ही तऱ्हा मुळात कोठली, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत दावेदाराला निकालापूर्वी रोख उचल देणाऱ्या पेढ्या आहेत. त्यांचे तत्त्व असे की, दावा हरला तर दावेदाराने काही परत करावयाचे नाही. तो धोका पत्करल्याबद्दल पेढी जबर आकार लावते. दरमहा शेकडा ३ चक्रवाढीने लाखाचे ३ वर्षांत सुमारे २ लाख ९० हजार होतात. महाग खरे, पण धोका तरी पेढीचा असतो. आमच्या बाईंच्या कागदात ती महागाई होती आणि धोक्याची वाटणी नव्हती.

आपल्याकडील कायदा काय म्हणतो? नुसता दावा करण्याचा हक्क १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे विकता येत नाही. तथापि दुसऱ्याच्या दाव्यास पैसा पुरवून फळात वाटा घेणे हे स्वभावतःच बेकायदा नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ साली ठरविले. मात्र करार पिळवणुकीचा असेल तर न्यायालय तो मानीत नाही. वकिलाव्यतिरिक्त तिऱ्हाईताने पैसा पुरविण्यास मनाई दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली म्हटले. वकिलाला मात्र दाव्याच्या रकमेत वाटा ठरविण्याची बार कौन्सिलच्या नियमांनी साफ बंदी आहे. सबब "वकीलसाहेबांचेही त्यात आहे" असे कोणी सांगेल तर तेथूनच उठावे.

आता शब्दांची एक चलाखी पाहा. आपल्या धर्मशास्त्राने व्याजाला मर्यादा घातली : साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक एकदम मागता येत नाही. हीच दामदुपट, मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत ती मानली. लाखाचे कर्ज म्हटले तर दोन लाखांशी थांबावे लागते. पण कर्ज न म्हणता 'वाटा' म्हटला, की मर्यादेची अडचणच उरत नाही. गाडीतून पडून मृत्यू आल्यास १ जानेवारी २०१७ पासून भरपाई ८ लाख रुपये ठरलेली आहे. तिचा निम्मा म्हणजे ४ लाख. लाखाला चार लाख! शिवाय व्याजाने पैसे लावण्याचा धंदा करणाऱ्यास महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो. तो दाखवा म्हटले की पुष्कळ उदार गृहस्थ दुसऱ्या दिवशी दिसेनासे होतात.

मग तोवर घर कसे चालावे? या प्रश्नास बगल देणे बरे नव्हे, कारण चूल उपदेशावर पेटत नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील १२६ वे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. भरपाईचा अर्ज केलेल्या मनुष्यास तातडीची गरज असल्यास रेल्वे प्रशासनाकडे अंतरिम साहाय्य मागता येते. चौकशीअंती ते मिळाल्यास पुढे भरपाईतून वजा होते. त्यावर कोणाचा वाटा नसतो. ते मिळेलच असे नाही, पण मागितल्यावाचून तर मिळणारच नाही.

दावा बुडाला असेही भयाने समजू नये. तिकीट सापडले नाही एवढ्यानेच हक्क जात नाही, आणि चढताउतरताना झालेली चूक म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात येत नाही. अर्ज घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा.

एकत्र कुटुंबास आणखी एक सांगणे आहे. ही भरपाई वडिलोपार्जित मिळकत नव्हे. ती कायद्याने आश्रितांची, म्हणजे प्रथम पत्नीची व लेकरांची, आणि मृतावर अवलंबून असलेल्या आईबापांची. थोरल्या दिराने घराच्या वतीने ती गहाण टाकू नये. त्याचे मन कितीही स्वच्छ असो, सही तिची आणि निर्णयही तिचाच.

मी आईंना एवढेच म्हटले, "काकू, सूनबाईंचे बरोबर आहे." त्या रात्री दोघे भाऊ व चुलते बसले, प्रत्येकाने दरमहा काही रक्कम द्यावयाची आणि वहीत मांडावयाची असे ठरले. सूनबाईंनी अंतरिम साहाय्याचा अर्ज स्वतः लिहिला. मी फक्त शुद्धलेखन तपासले. निकाल अद्याप लागलेला नाही. परंतु लागेल तेव्हा येणारी रक्कम तिच्या लेकरांच्या नावे अखंड असेल. आपल्या घरी असा कागद आला, तर सही करण्यापूर्वी हरल्यास काय, हे कलम आधी वाचावे, आणि ज्याच्या नावचा पैसा त्याला ते मोठ्याने वाचून दाखवावे.