साबळे नव्हते, तरी शो परत सुरू झाला. तुम्ही नसाल तर दुकान चालेल का?



२६ जुलै २०२५, शनिवार. रात्री नऊच्या आत शटर ओढून मी मुद्दाम घरी पोहोचलो, कारण 'चला हवा येऊ द्या' परत सुरू होणार होतं. मंचावर डॉ. निलेश साबळे नव्हते, अभिजीत खांडकेकर होते. भाऊ कदमही नव्हते. पाचव्या मिनिटाला बायको म्हणाली, "हे काय ते नाही बाबा." मी म्हटलं, थांब, बघू तर दे.

२०१४ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, आपण हा शो जेवणाच्या ताटासमोर बघितला. त्यामुळे "साबळेंशिवाय सुरूच करायला नको होतं" असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. चॅनलने एक गोष्ट बरोबर केली. खांडकेकरांना साबळे बनायला लावलं नाही. शोचा साचाच बदलला, 'कॉमेडीचं गँगवॉर' केलं, महाराष्ट्रभर ऑडिशन घेऊन नवीन पोरं आणली. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे हे ओळखीचे चेहरे ठेवले आणि सोबत गौरव मोरे, प्रियदर्शन जाधव आले. 'बिग बॉस मराठी'त हेच झालं. महेश मांजरेकरांच्या चार सीझननंतर २०२४ मध्ये रितेश देशमुख आले, तेव्हा शनिवार-रविवारच्या 'चावडी'चा 'भाऊचा धक्का' झाला. नवीन माणसाला जुन्याचे कपडे घातले नाहीत. अर्थात दरवेळी जमतंच असं नाही. २००७ मध्ये 'केबीसी' शाहरुख खानने स्वतःच्या स्टाईलने केलं, पण ते एकाच सीझनपुरतं. २०१० ला अमिताभ परत आलेच.

आता साबळेंची बाजू बघा, कारण खरा धंद्याचा विषय इथे आहे. ते फक्त सूत्रसंचालक नव्हते. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं आणि वर मंचावर पण तेच. एका माणसाकडे तीन खुर्च्या! २०२४ मध्ये ते आणि भाऊ कदम कलर्स मराठीवर गेले तेव्हा नवीन शोचं नाव होतं 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' म्हणजे शोचं नाव जुन्या चॅनलकडे राहिलं आणि तोंडातलं वाक्य माणसाबरोबर गेलं. तो शो काही महिन्यांतच थांबला. नुसती माणसं उचलून नेली म्हणून सगळं सोबत येत नाही. नुसता बोर्ड ठेवला म्हणूनही गिऱ्हाईक राहत नाही.

हे मी टीव्ही बघून शिकलो असं समजू नका. हिंजवडीत आमचं नाश्त्याचं दुकान. सकाळी आठ ते अकरा आयटीवाल्यांची झुंबड. बोर्डवर मोठ्या अक्षरात 'काकूंचे पोहे', कारण पोहे खरंच एका काकूंचे होते. सुनेचं बाळंतपण आलं आणि काकू गावी गेल्या, त्या गेल्याच. मी नवीन पोरगा ठेवला आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "काकूंसारखेच झाले पाहिजेत." बीबीए केलेल्या माणसाने केलेली ही चूक! काकूंचं माप कुठे लिहिलेलं नव्हतं. कुठला पोहा किती वेळ भिजवायचा, फोडणीला तेल किती, सगळं त्यांच्या हातात. गिऱ्हाईक पहिला घास घ्यायचं आणि विचारायचं, "दादा, काकू नाहीत का आज?" ते ऐकून पोरगा दिवसेंदिवस गप्प होत गेला. तीन महिने गल्ला खाली. एक दिवस त्याने स्वतःसाठी थालीपीठ लावलं, बाजूला मिरचीचा ठेचा. समोर उभ्या असलेल्या एकाने तेच मागितलं. दुसऱ्याने पण. आता सकाळी पोह्यांपेक्षा थालीपीठ आधी संपतं, आणि त्याचं माप मी वहीत लिहून घेतलंय. पोह्यांना आजही नावं ठेवणारे आहेत, ते मी सोडून दिलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, दुकान टाकायच्या आधी बोर्डवर कोणाचं नाव लावताय ते बघा. स्वतःचं लावत असाल तरी बघा. मी शनिवारी ट्रेनिंगला जातो तेव्हा "आज तुम्ही नव्हता" हे सोमवारी ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण साबळेंसारख्या आपल्याकडे किती खुर्च्या आहेत ते मी मोजलं. खरेदी, हिशोब, गल्ला, उधारीची वही, सगळीकडे मीच. यातली फक्त गल्ल्याची खुर्ची आत्तापर्यंत सोडलीय. हिशोबाची सोडायला अजून हात धजत नाही.

मधे काकू येऊन गेल्या. नातू कडेवर. बोर्डकडे बघून म्हणाल्या, "अजून माझंच नाव लावलंय होय रे? मग त्याचे पैसे कोण देणार?" आणि हसल्या. मला काही हसता आलं नाही. काकू होत्या तेव्हा मी त्यांना फक्त पगार दिला होता, नावाचं कधी काही ठरवलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. नको नको म्हणत घेतलं त्यांनी. नवीन बोर्डचं काम पेंटरला दिलंय. नाव काय टाकायचं ते त्या थालीपीठवाल्या पोराला विचारलंय, तो अजून लाजतोय.