पैसा आमचा, कान आमचे, अटी मात्र परक्यांच्या!

जून २०२३ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात इंडिगोने एअरबसकडे एका दमात ५०० विमाने मागवली. त्याआधी चारच महिने एअर इंडियाने ४७० विमानांच्या खरेदीची घोषणा केली होती. दिल्लीत पाठी थोपटल्या गेल्या, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. आमचा सवाल सरळ आहे. एवढी प्रचंड गिऱ्हाइकी हाती असताना देश म्हणून आपण काय मागून घेतले? इंजिने आणखी शांत हवीत, विषारी वायू आणि काजळी कमी सोडणारी हवीत, आमच्या धुळीत आणि उन्हात टिकणारी हवीत, अशी एक तरी अट सरकारने घातल्याचे ऐकिवात नाही. भाजी घेतानाही बाई जुडी उलटीपालटी करून पाहते. इथे अब्जावधी डॉलरचा सौदा होतो आणि ज्यांच्या डोक्यावरून ही विमाने उडणार, त्यांचा विचार कोणाच्या मनातही येत नाही!

या लोकांना पाहायचे असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या जरीमरीत जाऊन उभे राहा. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने घाटकोपर, असल्फा, जरीमरीच्या पत्र्यांवरून खाली येतात. वर्गात शिकवणाऱ्या बाई वाक्य अर्ध्यावर सोडतात, विमान जाऊ देतात आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. फोनवर बोलणारा माणूस मध्येच गप्प होतो. रात्रपाळी करून आलेला कामगार उशी कानावर दाबून पडतो. मुंबईच्या विमानतळावर दिवसाला नऊशेहून अधिक वेळा विमाने चढतात-उतरतात. हा हिशेब जरीमरीतल्या पोराच्या अभ्यासाला लावून पाहावा.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको. मात्र जून २०१८ मध्ये केंद्राने विमानतळांभोवतीच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मर्यादा ठरवली. गजबजलेल्या विमानतळाजवळ दिवसा ७० आणि रात्री ६५. वीस डेसिबलचा हा फरक आकड्यात किरकोळ दिसतो, पण त्याचा अर्थ शंभरपट ध्वनिऊर्जा असा होतो. माणसाचा कान तोच, झोप तीच. फक्त घर विमानतळाजवळ आहे म्हणून शंभरपट सोसायचे! इंजिनाला वेसण घालायची सोडून मर्यादाच ऐसपैस आखणारा हा कारभार आम्हाला मान्य नाही.

आणि हे सोसणे अटळ आहे असे कोणी सांगू नये. जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने १९५२ मध्येच दाखवून दिले होते की, जेट इंजिनातून सुटणाऱ्या झोताचा आवाज झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. बाकी सारे तसेच ठेवून वेग निम्मा केला, तर आवाजाची ताकद अडीचशे पटींहून अधिक घटते. थोडी हवा जोराने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा सावकाश ढकलायची, हे त्यातले मर्म. त्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा लागतो आणि बरीचशी हवा आतल्या ज्वालेला वळसा घालून मागे जाते. साठच्या दशकातल्या अशा इंजिनांत साधारण आत जळणाऱ्या हवेइतकीच हवा वळशाने जायची. एअरबस ए-३२० निओच्या इंजिनांत ती अकरा-बारापट जाते. याच वाटेने इंधनही वाचते, हे विशेष. प्रॅट अँड व्हिटनीने पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअर बसवला, तेव्हा पंखा सावकाश आणि टर्बाइन वेगाने, असे दोघेही आपापल्या चालीने फिरू लागले. बोइंग ७८७ मध्ये विमानाच्या पंखापुढच्या खिडकीत बसलात, तर इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतील. ते शोभेसाठी नाहीत. आतला आणि बाहेरचा झोत एकमेकांत हळुवार मिसळावेत, खळबळ कमी व्हावी, म्हणून वर्षानुवर्षे खपून ते दाते कापले आहेत.

अडचणी आहेत, त्या आम्ही लपवत नाही. इंधन वाचवायला इंजिनाचा गाभा अधिक तापवावा लागतो आणि तापमान वाढले की नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढतात. म्हणून हवा आणि इंधन आधी नीट मिसळून जाळणारी नवा ज्वलनकक्ष घडवावा लागला. तो सीएफएम कंपनीच्या ‘लीप’ इंजिनात आहे, आणि लीप आज इंडिगोच्या विमानांवरही आहे. पण तो एकट्या कंपनीच्या पैशाने झालेला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१० मध्ये ‘क्लीन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. आवाज, विषारी वायू आणि इंधन या तिन्हींची उद्दिष्टे ठरवली, सरकारी पैसा ओतला आणि कंपन्यांनीही किमान तितकाच घालावा अशी अट घातली. हा ज्वलनकक्ष त्याच कार्यक्रमात तावून सुलाखून निघाला. युरोपने ‘क्लीन स्काय’ २००८ मध्येच उभा केला होता.

निर्णय बाजारावर सोडला की काय होते, तेही इतिहासात नोंदले आहे. जीई या अमेरिकी कंपनीचे उघड्या पात्यांचे, आवरण नसलेले जीई-३६ इंजिन १९८६ मध्ये बोइंग ७२७ वर प्रत्यक्ष उडाले. इंधनाची बचत डोळ्यांत भरणारी होती. पण तेल स्वस्त झाले, विमान कंपन्यांचा उत्साह मावळला आणि ते इंजिन गुंडाळून ठेवले गेले. २०२१ मध्ये सीएफएमने ‘राइज’ कार्यक्रम जाहीर केला, वीस टक्के इंधनबचतीचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा तीच उघडी पाती आहेत. मधली पस्तीस वर्षे वाया गेली. त्या वर्षांतला धूर आणि गोंगाट जगाने उगाच सोसला. जनतेची हवा आणि झोप तेलाच्या बाजारभावावर सोडता येत नाही!

इंडिगोकडे २०१६ पासून नवी, शांत इंजिने येऊ लागली, हे आम्ही जाणतो. पण ती इंधन वाचते म्हणून आली. जरीमरीसाठी कोणी ती मागितली नव्हती. शिवाय एका विमानामागे आवाज घटला, तरी विमानांची संख्या वाढतच जाते. आणि यातल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांनी आपल्याकडे काय भोगायला लावले? २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला इंजिने बदलण्याचे हुकूम काढावे लागले. २०२३ मध्ये भाग घडवताना वापरलेल्या धातूच्या भुकटीतल्या दोषापायी जगभर इंजिने उतरवावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करताना इंजिने मिळत नसल्याकडे बोट दाखवले, उत्पादक कंपनीने तो आरोप फेटाळला. दोष कोणाचा हे न्यायालये ठरवतील. पण भारतासारख्या उष्ण, धुळीच्या देशात कसोटी पाहिल्याशिवाय इंजिन स्वीकारणार नाही, हे ठणकावून सांगायचे काम कोणाचे होते?

आपल्याकडे माणसे नाहीत म्हणावे, तर तेही खोटे. जीईच्या बंगळूरच्या केंद्रात २००० सालापासून भारतीय अभियंते जगाच्या इंजिनांवर डोके चालवत आहेत. जीईच्याच चाकणच्या कारखान्यात इंजिनांचे भाग घडतात, विक्रोळीत गोदरेजच्या कामगारांचे हात त्यावर चालतात. बुद्धी आमची, घाम आमचा. इंजिन कसे असावे हे मात्र दुसरेच ठरवतात. स्वतःचे ‘कावेरी’ इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले, पण आजही आपले ‘तेजस’ लढाऊ विमान अमेरिकी इंजिनावर उडते. कावेरीच्या अपयशाने शास्त्रज्ञांना झोडपणे सोपे आहे. पण एक पिढी पुरेल इतका सलग पैसा आणि हक्काची चाचणी-साधने न देता इंजिन मागणारे राज्यकर्ते पहिले गुन्हेगार आहेत. प्रवासी विमानांच्या इंजिनासाठी तर तेवढाही प्रयत्न झाला नाही.

इंजिन उद्या सकाळी होणार नाही. पण शुल्काचा दर उद्या सकाळी बदलता येतो! आपल्याकडे विमान उतरवण्याचे शुल्क मुख्यतः वजनावर ठरते. झुरिकने १९९७ मध्येच विषारी वायूंच्या प्रमाणात शुल्क लावले. हीथ्रोवर गोंगाटी विमानाला जास्त मोजावे लागते आणि रात्रीच्या उड्डाणांचा कोटा आवाजावर बांधलेला आहे. तिकिटे महागतील, अशी हाकाटी होईल. ती फसवी आहे. गोंगाटी विमानावर जे वाढवाल ते शांत विमानाला सूट म्हणून परत द्या, विमानतळाचे उत्पन्न तेवढेच राहील. विमान कंपन्यांच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा इंधनाचाच. कमी इंधन पिणारे, शांत इंजिन आणायला हे दर त्यांना आणखी एक रेटा ठरतील.

नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला. त्यासाठी गावेच्या गावे उठली, आणि आता उलवे-पनवेलच्या माणसांनी जरीमरीसारखे जगायचे काय? तिथे विमानांची गर्दी होण्याआधीच हे दर लागू झाले पाहिजेत. आवाजाची मोजणी रोजच्या रोज, ठिकाणासह, मराठीत लोकांसमोर आली पाहिजे. विमानतळांचे दर ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने मुंबई आणि नवी मुंबईच्या पुढच्या दरपत्रकात आवाज आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचे स्वतंत्र रकाने घालावेत, आणि महाराष्ट्र सरकारने तशी लेखी मागणी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात ठराव करून पाठवावी.